गर्जना आणि शेजार

अमेरिकेंत ‘पिकअप’ या नांवानें जी गाडी ओळखली जाते ती मूळची शेतकऱ्याची. पुढें दोघांना बसण्यापुरती जागा आणि मागें उघडा हौदा, एवढाच तिचा थाट. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला असा हौदा कारखान्यांतच बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हां गवताचे भारे, दुधाचीं भांडीं आणि कोंबड्यांचीं खुराडीं वाहून नेण्यापलीकडे तिच्याकडून कोणाची कांहीं अपेक्षा नव्हती. आज त्या देशांत ती श्रीमंताच्या दारांतहि उभी दिसते, आणि कित्येक घरीं तिच्या हौद्यांत वर्षांतून दोनदांहि ओझें पडत नाहीं. ओझ्याचें काम सुटलें कीं वाहनाला दुसरें कांहीं तरी काम लागतेंच. तें बहुधा मालकाचें मन वाहण्याचें असतें. अशा गाडीच्या मालकाला, विशेषतः तो तरुण असल्यास, एके दिवशीं वाटूं लागतें कीं आपली गाडी फार हळू बोलते. मग तो तिला मिस्त्र्याकडे नेतो, मूळचा सायलेन्सर कापून काढवितो, आणि त्याच्या जागीं रुंद नळीचा व कमी अडथळ्यांचा नवा सायलेन्सर बसवून घेतो. असें कां केलें म्हणून विचारल्यास तो दोन कारणें सांगतो. आवाज भारदस्त होतो हें एक, आणि एंजिनाची शक्ति वाढते हें दुसरें.

स्वतःच्या पैशानें घेतलेल्या वस्तूंत स्वतःच्या हौसेप्रमाणें फेरफार केला तर त्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें वाचक कदाचित् म्हणतील. आम्हांस मात्र तो येथें आहे असें वाटतें, आणि तो दिसतो तितका सोपाहि नाहीं. ज्याची वस्तु त्याचा तिच्यावर अधिकार, हें तत्त्व आपण सर्वच मानतों. परंतु वस्तु जेथें संपते तेथें तिचा आवाज संपत नाहीं. तो कुंपण ओलांडतो, भिंत ओलांडतो, आणि ज्यानें त्या गाडीला कधीं हातहि लावलेला नाहीं अशा मनुष्याच्या उशाशीं जाऊन बसतो. तेथें त्याच्यावर मालकी कोणाची?

प्रथम यंत्राची गोष्ट पाहूं. कारण यंत्र न समजतां यंत्राच्या मालकाला उपदेश करणें हें आमच्या सुशिक्षित वर्गाचें जुनें व्यसन आहे. एंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोलाचा भडका उडून दट्ट्या खालीं ढकलला जातो, आणि तो तळाशीं पोंचण्यापूर्वींच धूर बाहेर सोडणारी झडप उघडते. त्या क्षणीं आंतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो; म्हणून तो वायु संथपणें वाहत येत नाहीं, बंदुकीच्या बारासारखा सुटतो. आठ सिलिंडरांचें एंजिन मिनिटाला २,००० वेळां फिरत असेल, तर असे सुमारें १३३ बार दर सेकंदास सुटतात, आणि त्यांचा मिळून एक स्वर होतो. अमेरिकेच्या ‘व्ही-एट’ एंजिनाची जी ख्याति आहे तिचें मूळ या बारांच्या रचनेंत आहे. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. आठांचे बार एकत्र मोजले तर ते समान अंतरानें पडतात. पण कोणतीहि एकच रांग घेतली तर तिच्यांतले बार एकदां घाईनें व एकदां उशिरानें पडतात, आणि प्रत्येक रांगेची नळी निराळी असल्यानें तो अडखळता ठेका कानाला जाणवतो. दोन्ही नळ्यांना मध्यें एक आडवी नळी जोडली कीं बार एकमेकांत मिसळून आवाज गोल व सौम्य होतो. ज्यांनीं तबल्यावर आडी लय ऐकली आहे त्यांना यांतील गोडी समजावून सांगावयास नको. या नादाचें वेड लागणें हें अरसिकपणाचें लक्षण खास नव्हे.

या बारांना आवरण्याची युक्ति जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. इंडियाना संस्थानांतील कोलंबस गांवच्या रीव्ह्स बंधूंनीं सायलेन्सराचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. पुढें हायरम पर्सी मॅक्झिम यानें बंदुकीचा आवाज दाबण्याचें साधन काढून १९०९ सालीं त्याचें पेटंट मिळविलें, आणि तेंच तत्त्व एंजिनांनाहि लावलें. याचा पिता म्हणजे प्रसिद्ध मॅक्झिम मशिनगनचा जनक. आपल्याच शस्त्रांच्या आवाजांत आयुष्य काढून तो बहिरा झाला होता. बापानें जगाला दिलेला गोंगाट दाबण्यासाठीं मुलानें आयुष्य वेंचावें, असे योग कादंबरींत आले तर आपण लेखकाला हंसतों. असो. सायलेन्सराचे मुख्य प्रकार दोन. एकांत भोंकें पाडलेल्या नळीभोंवतीं कांचेची लोंकर गुंडाळलेली असते, ती ध्वनीच्या लहरी शोषून घेते. दुसऱ्यांत पत्र्याच्या डब्याला आंतून आडपडदे घालून दालनें केलेलीं असतात. लहर पडद्यावर आपटून मागें फिरते, मागून येणाऱ्या लहरीशीं तिची गांठ पडते, आणि दोघी एकमेकींस मारतात.

आतां शक्तीची गोष्ट. धुराच्या वाटेंत जितका अडथळा अधिक तितकी धूर बाहेर ढकलण्यांत एंजिनाची शक्ति अधिक खर्च होते, हें खरें आहे. मोटारींच्या आरंभींच्या काळांत हा अडथळा इतका असे कीं सायलेन्सराला बगल देऊन धूर थेट बाहेर सोडणारी एक झडप पुष्कळ गाड्यांना बसविलेली असे. ती चढणीसाठीं होती. परंतु चढण नसतांहि ती उघडून भर वस्तींतून जाणारे इतके निघाले कीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक अमेरिकन शहरांनीं कायदे करून तिला बंदी घातली. म्हणजे हें भांडण आजचें नव्हे. आज मात्र कारखान्यांतून येणारा सायलेन्सर फारसा अडथळा करीत नाहीं. जो अडथळा असतो तो बहुतांशीं त्याच्या आधींच्या भागांत, एंजिनालगतच्या नळ्यांत आणि धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांत असतो. म्हणून साडेतीनशें अश्वशक्तीच्या गाडीचा केवळ मागचा भाग बदलला तर पांच-दहा अश्वशक्ति वाढल्या तर वाढतात, आणि त्याहि एंजिन भरधांव फिरत असतांना. नळी वाजवीपेक्षां रुंद घेतली तर उलट तोटाच. प्रत्येक बार नळींतून धांवतांना आपल्या मागें दाब कमी करीत जातो आणि पुढच्या सिलिंडरांतील धूर ओढून काढण्यास मदत करितो. नळी फार रुंद झाली कीं वायूचा वेग मंदावतो, ती ओढ नाहींशी होते, आणि ओझें घेऊन सावकाश चढतांना जेव्हां बळ खरोखर हवें असतें नेमकें तेव्हांच एंजिन कमी पडतें. शिवाय मोठ्या सडकेवर एका ठराविक वेगाला गाडींत असा एक घुमारा सुरू होतो कीं तासाभरांत मालकाचेंच डोकें दुखूं लागतें. मग तो घुमारा मारण्यासाठीं आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो. दुकानदाराला दोन्ही वेळां पैसे मिळतात.

शक्ति आणि आवाज यांची फारकत दाखविणारें याहून बोलकें उदाहरण फोर्डच्याच गाडीचें आहे. २०११ च्या ‘एफ-१५०’ पिकअपसाठीं जीं एंजिनें मिळत त्यांत एक आठ सिलिंडरांचें ३६० अश्वशक्तीचें होतें, आणि एक टर्बो बसविलेलें सहा सिलिंडरांचें ३६५ अश्वशक्तीचें होतें. या दुसऱ्याची ओढण्याची ताकदहि अधिक. पण टर्बोचें चक्र धुराच्या झोतावरच फिरत असल्यामुळें तें ते बार गिळून टाकतें, आणि गाडी मवाळ बोलते. गिऱ्हाईक केवळ शक्तीच्या शोधांत असतें तर हा सौदा त्याला सर्वस्वीं फायद्याचा वाटावयास हवा होता. प्रत्यक्षांत अशा एंजिनांचा आवाज ध्वनिक्षेपकांवर वाढवून तो गाडीच्या आंत ऐकविण्याची सोय कंपनीला करावी लागली. ही गोष्ट २०१५ सालीं अमेरिकन वृत्तपत्रांत आली तेव्हां पुष्कळ शौकिनांनीं नाकें मुरडलीं. परंतु ती सोय त्यांच्याच कानांसाठीं केलेली होती. पुढें २०२२ सालीं डॉज कंपनीनें विजेवर चालणारी एक गाडी दाखविली. तिच्यांत भडका नाहीं, झडप नाहीं, धूर नाहीं. तरी १२६ डेसिबलांपर्यंत गर्जणारी एक कृत्रिम नळी तिला मोठ्या अभिमानानें जोडलेली होती.

तेव्हां इच्छा आहे ती शक्तीची नसून शक्तीच्या साक्षीची आहे. यांत तिरस्कार करण्याजोगें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडे बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा बांधीत, त्यानें बैल अधिक ओढीत होते असें नाहीं. सायकलच्या चाकाच्या तारांत पत्त्यांतला एखादा जुना पत्ता अडकवून फटफट असा आवाज काढणारें पोर प्रत्येक आळींत होतें. आपल्याहून मोठ्या बळावर मनुष्य आरूढ झाला म्हणजे तें बळ ऐकूं यावें अशी ओढ त्याला स्वभावतःच असते. आणि हा पिकअपवाला तरुण पाहा. दिवसभर तो एखाद्या प्रचंड गोदामांत यंत्राच्या हुकुमाप्रमाणें खोकीं इकडून तिकडे नेतो. तेथें त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. सायंकाळीं तो किल्ली फिरवितो आणि तीनशें घोडे त्याच्या पायाखालीं जागे होतात. ‘मी आहे’ असें म्हणण्याची त्याची ही एकच रीत असेल, तर तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार, ज्यांना असें म्हणण्याच्या दहा रीति उपलब्ध आहेत त्यांना कितपत आहे?

कॅनडांतील वेस्टर्न विद्यापीठांतून २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पांचशेंवर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून असा निष्कर्ष काढला होता कीं मोठ्या आवाजाच्या गाडीची आवड ही पुरुषांमध्यें, आणि परपीडनाकडे व निर्दयतेकडे कल असलेल्यांमध्यें अधिक आढळते. ज्यांची झोंप मोडते त्यांना असा निष्कर्ष फार गोड लागतो. आम्हांस तो घाईचा वाटतो. प्रश्नपत्रिकेंतील गुणांवरून पांचशें विद्यार्थ्यांच्या कलाविषयीं कांहीं म्हणतां येईल. शेजारच्या मुलाला क्रूर ठरविण्यास तेवढें पुरत नाहीं. शिवाय तो क्रूर असता तर प्रश्न सोपाच होता. तो सालस आहे, आईला दवाखान्यांत नेतो, शेजाऱ्याचें सामान हौद्यांत घालून पोंचवितो, आणि रात्रीं अकरा वाजतां गल्ली दणाणून सोडतो, यांतच खरी अडचण आहे.

गोंगाटाविरुद्ध बोलणाऱ्यांचा इतिहासहि निर्मळ नाहीं. शोपेनहॉरनें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधसंग्रहांत गोंगाटावर एक प्रकरण लिहिलें आहे. त्याचा सगळा रोष गाडीवानांच्या चाबकावर; चाबकाचा एक फटकारा विचारवंताच्या डोक्यांतील विचाराचे दोन तुकडे करितो, असा त्याचा आशय. तक्रार खरी आहे. पण ती करणारा वडिलार्जित संपत्तीवर निश्चिंत राहून विचार करीत होता, आणि गाडीवानाला त्याच चाबकावर पोट भरावयाचें होतें. लंडनमध्यें गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यानें रस्त्यावर वाजंत्रीं वाजविणाऱ्यांशीं असाच उभा दावा धरिला. पार्लमेंटानें १८६४ सालीं त्यांना आवरणारा कायदाहि केला. ते वाजविणारे बहुतेक पोटासाठीं आलेले गरीब इटालियन होते, आणि ते खिडकीखालीं वाजवीत तेव्हां रस्त्यांतील मुलें नाचत. सारांश, शांतता ही ज्यांना परवडते तेच बहुधा तिच्या नांवानें बोलतात, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हा आक्षेप अखेरपर्यंत नेला तर तो उलटतो. ज्याच्याजवळ बाग आहे, जाड भिंती आहेत, त्याला गर्जनेचा त्रास थोडा. पातळ भिंतीच्या भाड्याच्या खोलींत, पहांटे चारला पाळीवर जाण्यासाठीं उठणाऱ्या मजुराला तो सर्वांत अधिक. त्याच्या वतीनें लेख कोणी लिहीत नाहीं.

रंगाची आणि आवाजाची तुलना करून पाहावी. याच तरुणानें गाडीला भडक तांबडा रंग दिला तर तो आपल्या रसिकतेस खटकेल, पण आपण नजर वळवूं. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहींत. म्हणून आवाजाची साक्ष ही इतर साक्षींसारखी नव्हे. साक्षीला साक्षीदार हवा, आणि येथें साक्षीदाराला त्याची इच्छा न विचारतां, पुष्कळदा झोंपेंतून उठवून, हजर केलें जातें. शेजारी हा मनुष्य राहत नाहीं. तो आपल्या सामर्थ्याचा आरसा होतो. आमच्या मतें अन्याय आहे तो येथें, डेसिबलांच्या आंकड्यांत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं युरोपसाठीं रस्त्यावरील रहदारीच्या गोंगाटाची रात्रीची मर्यादा सरासरी ४५ डेसिबल असावी अशी शिफारस केली, आणि ती योग्यच आहे. परंतु रात्रभरांत एकदांच गेलेली एक गाडी त्या सरासरीला फारसा धक्का लावीत नाहीं. ती फक्त जागें करून जाते.

आणि हें जागें करणें किती स्वस्त असतें! नळीच्या तोंडापासून एक मीटरवर १०० डेसिबल भरेल एवढी गर्जना घेतली, तर गणितानें तिची सगळी ध्वनिशक्ति एका वॅटालाहि पोंचत नाहीं. ज्याला आपण ‘झिरोचा दिवा’ म्हणतों तोहि हिच्यापेक्षां अधिक वीज खातो. उलट ३६० अश्वशक्ति म्हणजे जवळजवळ २,६८,००० वॅट. म्हणजे शेजाऱ्याची झोंप मोडण्यास एंजिनाला जें द्यावें लागतें तें हिशेबांतहि धरण्याजोगें नाहीं. मनुष्याचा कान इतका नाजूक केलेला आहे कीं पाचोळ्याखालचें जनावर त्याला कळावें. त्या नाजूकपणाचा लाभ कोणीहि घेऊं शकतो, आणि घेणाऱ्याच्या खिशाला त्याची जाणीवहि होत नाहीं. जें देतांना कांहींच पडत नाहीं त्याचा दुसऱ्याला केवढा भार होतो, हें म्हणूनच ध्यानांत येत नसावें.

आगरकरांच्या पिढीनें ज्याला गुरु मानलें त्या मिल्लनें ‘ऑन लिबर्टी’ या आपल्या १८५९ च्या ग्रंथांत व्यक्तिस्वातंत्र्याची सीमा दुसऱ्याच्या हानीपाशीं आंखली. त्या कसोटीवर या फेरफाराचा एक भाग तर विचारावांचूनच निकालांत निघतो. कित्येक मालक आवाजाबरोबर धूर शुद्ध करणारीं उपकरणेंहि काढून टाकतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २०२० सालीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें आदल्या सुमारें दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपांवरून तीं काढलीं गेलीं होतीं, आणि त्यामुळें त्या गाड्यांच्या एकंदर आयुष्यांत ५,७०,००० टनांहून अधिक नायट्रोजन ऑक्साइड हवेंत अधिक जाणार होते. कांहीं जण तर मुद्दाम काळ्या धुराचा लोट सायकलस्वारांच्या अंगावर सोडण्यांत मौज मानतात. याचें समर्थन करणारा आम्हांस भेटावयाचा आहे.

आवाजाच्या बाजूनें एक युक्तिवाद मात्र ऐकून घेण्याजोगा आहे. मोठा आवाज इतरांना सावध करितो, म्हणून तो जीव वांचवितो, असें विशेषतः मोटारसायकलवाले म्हणतात. नळीचें तोंड मागें, आणि धोका बहुधा पुढून, ही त्यांतली अडचण आहे. तथापि तत्त्व खोटें नाहीं. विजेच्या गाड्या फार निःशब्द असल्यामुळें आंधळ्या पादचाऱ्यांना त्या कळत नाहींत, म्हणून सावकाश चालतांना त्यांनीं ठराविक आवाज केलाच पाहिजे असा नियम अमेरिकेनें २०१६ सालीं केला. आपल्याकडचा टांगेवाला गर्दींत चाबकाची दांडी फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावून टकटक करी, तोहि हाच धर्म पाळीत होता. या आवाजांविषयीं कोणाची तक्रार नसते, कारण ते ऐकणाऱ्यासाठीं केलेले असतात. त्याच्या कामापुरते वाजतात आणि थांबतात.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असें समजून कोणी स्वस्थ बसूं नये. आपल्याकडे पिकअप ही अजून टोमॅटो व कांदा वाहते, आणि तिच्याकडून गर्जनेची अपेक्षा कोणी करीत नाहीं. ती हौस आपण बुलेटवर भागवितों. ही मोटारसायकल १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. तिचा मूळचा ठोका सावकाश व घनगंभीर. पण सायलेन्सर बदलून तिच्यांतून फटाके उडविल्याशिवाय आमच्या कांहीं तरुणांचें समाधान होत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें गोंगाटाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अनेक शहरांत पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनें मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरविला आहे. बघ्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्याच बघ्यांपैकीं किती जण पुढच्या लग्नसराईंत डीजेच्या भिंतीमागून नाचत गेले असतील, आणि वाटेवरच्या आजाऱ्याच्या खिडकीकडे त्यांपैकीं किती जणांनीं पाहिलें असेल? वरातींतला गोंगाट हा आनंद आणि बुलेटचा तो उपद्रव, असें म्हणावयाचें तर आनंद आणि उपद्रव यांतील भेद केवळ कोण करतो यावर ठरूं लागतो.

आमचें मत विचाराल तर या तरुणाच्या नादाला आम्ही चूक म्हणत नाहीं. वायोमिंगच्या माळावर, जेथें मैलोगणती घर नाहीं, तेथें त्यानें ती नळी खुशाल उघडी सोडावी आणि त्या अडखळत्या ठेक्याचा मनसोक्त आनंद घ्यावा. तेथें त्याचा आनंद पूर्णपणें त्याचा आहे. गल्लींत शिरल्यावर तो आनंद एकट्याचा राहत नाहीं, आणि सामाईक वस्तूला सर्वांची संमति लागते. नळींत उघडझांप करणारी झडप बसवून दोन्ही साधतां येतें. अशा झडपा विकतहि मिळतात.

फोर्ड कंपनीनें २०१८ च्या आपल्या ‘मस्टँग’ गाडींत अशीच सोय करून ठेवली. तिच्या एका अधिकाऱ्याच्या गाडीच्या आवाजाला कंटाळून शेजाऱ्यानें पोलिसांना बोलाविलें होतें, त्यावरून ही कल्पना निघाली असें सांगतात. गाडी सुरू होतांना जो आवाज ८२ डेसिबल भरत असे तो या सोयीनें ७२ वर येतो, आणि तिला नांव दिलें तें ‘चांगला शेजारी’ या अर्थाचें. रात्रीं आठपासून सकाळीं सातपर्यंत गाडी हळू बोलावी, असें एकदां सांगून ठेवलें कीं ती तेवढा वेळ हळू बोलते. वेळ मात्र मालकानें स्वतः भरावयाची असते. शेजारच्या घरांत कोणाची रात्रपाळी आहे आणि कोणाचें तान्हें दुपारीं केव्हां निजतें, हें कारखान्याला माहीत नसतें.